फक्त वांग्यांची शेगडी

शनिवार पेठ, पुणे
२८ सप्टेंबर २०२५

श्री. विश्वजीत तुपे यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या गच्चीला लोखंडी जाळी आपण बसवलीत, तेव्हा मी गावाला गेलो होतो. ती जाळी अजून हललेली नाही, म्हणून हे पत्र.

काम असं आहे. माझ्या पंचाहत्तरीला मुलाने एक कोळशाची शेगडी ऑनलाइन मागवून घरी पाठवली. गोल हंडा, त्यावर तसंच गोल झाकण, खाली तीन पाय. दिसते ऐटीत. पण झाकण लावलं की कडेने धूर निसटतो, पाय डुगडुगतात आणि राख उडून खालच्या मजल्यावरच्या धुण्यावर पडते. मी ती एकदाच, रिकामी, पेटवून पाहिली. खालच्या मजल्याचा अभिप्राय पाच मिनिटांत वर आला.

आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सुरू करायचं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हेमा, म्हणजे माझी पत्नी, भरीत मानत नाही. तेव्हा यंदाची वांगी कोळशावर भाजायची आहेत. शेगडी त्या लायकीची करून द्यावी.

अट एकच. शेगडी कोरी आहे. तिच्यावर मांसमच्छी कधीही, चाचणीपुरतीसुद्धा, जाता कामा नये. शेगडी टेंपोने पाठवतो आहे. ती पाहून जमत असेल तर 'हो' लिहा, नसेल तर 'नाही' लिहा. फोन करू नका. फोनवर लोक 'बघू' म्हणतात.

आपला,
गोपाळकृष्ण खासनीस

•

हडपसर
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

हो.

एवढंच लिहून पाकीट चिकटवलं होतं. मग वाटलं, आपल्याला उद्धटपणा वाटेल, म्हणून नवीन कागद घेतला. मला आजपर्यंत कोणी पत्र पाठवलेलं नाही. दहावीनंतर माझी शाळा सुटली. लिहिताना काही चुकलं तर कृपया सांगावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

शेगडी काल टेंपोने पोचली. मी आणि भैरूने ती पाहिली. भैरू माझा बालवाडीपासूनचा मित्र. शेड आमच्या दोघांची आहे. वेल्डिंग त्याचं, मोजमाप माझं. तो तिला 'किटली' म्हणतो. मी आपल्यासारखं 'शेगडी' लिहितो.

झाकणाच्या कडेला भट्टीच्या दाराला लावतात ती काचेच्या धाग्याची दोरी बसवावी लागेल. मग धूर फक्त वरच्या भोकातून जाईल आणि कोळसा आपल्या ताब्यात राहील. खाली राखेसाठी उघडी ताटली आहे, तिच्याजागी बंद डबा करू. पाय फाकवून देतो.

आपल्या अटीबद्दल. शेडमध्ये आमची स्वतःची एक पिंपाची भट्टी आहे, तिच्यावर आम्ही सगळं भाजतो. म्हणून आपल्या शेगडीसाठी चिमटा, ब्रश, जाळी सगळं वेगळं काढलं आहे. वर खडूने 'खासनीस' लिहिलं आहे. आमच्याही घरचा देव जेजुरीचाच. आपण काळजी करू नये.

आपला आज्ञाधारक,
विश्वजीत तुपे

•

शनिवार पेठ
१३ ऑक्टोबर २०२५

चि. विश्वजीत,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एकही चूक सापडली नाही. दोनदा शोधली. माझा नातू अर्णव इंजिनिअर व्हायच्या बेतात आहे, पण त्याला मराठीत चार ओळी लिहायला सांगितल्या तर तो आजारी पडतो. तुला 'तू' म्हटलेलं चालेल असं धरतो.

हेमाने तुझं पत्र वाचलं आणि तिच्या शंका सुरू झाल्या. झाकण तापलं की ते ठेवायचं कुठे? खाली वाकून ठेवलं तर तिची कंबर उठणार नाही. वांगी जाळीवरून घरंगळतात, त्याचं काय? मध्येच कोळसा घालायचा तर सगळं उचलायचं का? आणि झाकणावरचा तापमापक झाकणाखालची हवा सांगतो, वांग्याला काय वाटतंय ते सांगत नाही. ही शेवटची शंका माझी आहे.

तू लिहितोस ते वाचायला बरं वाटतं. सविस्तर लिही. ह्या वयात आम्हाला येतात ती फक्त बिलं आणि लग्नपत्रिका, आणि दोन्हींत पैसेच जातात.

तुझा,
गोपाळकृष्णकाका

•

हडपसर
९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

शेगडी तयार आहे. शुक्रवारी टेंपोने पाठवतो. आपलं मागचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. 'एकही चूक सापडली नाही' हे वाक्य तिने परत वाचायला लावलं.

काकूंच्या शंकांबद्दल. झाकणाला मागे बिजागरी केली आहे. ते उघडून तसंच उभं राहतं, उचलायला नको. वांग्यांसाठी वेगळी जाळी केली, तिला बारीक खुंट्या आहेत, वांगं लोळत नाही. हंड्याच्या बाजूला छोटं दार कापलं आहे, तिथून पळीने कोळसा आत सारता येतो. तापमापक काढून जाळीच्या उंचीवर बसवला. बुधवार पेठेतून कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा आणून खालच्या झरोक्याला लावला. आच मंदावली तर तो अर्धा मिनिट चालवायचा, जास्त नाही.

मागच्या रविवारी मी आईला जेजुरीला नेलं होतं. त्या दिवशी काचेची दोरी भैरूने एकट्याने बसवली. मी परत आल्यावर सगळीकडून तपासली, कुठेही फट नाही. माझ्यापेक्षा बरी बसवली आहे.

चाचणी फक्त वांग्यांवर घेतली. आमच्याकडेही चंपाषष्ठीपर्यंत वांगं खात नाहीत, म्हणून भाजलेली सगळी शेजारी दिली. चव कशी झाली ते मला सांगता येणार नाही. शेजारच्यांनी भांडं धुऊन परत केलं, म्हणजे बरी झाली असावी.

एक महत्त्वाचं. राख आता बाहेर दिसत नाही, ती खालच्या बंद डब्यात जमते. डबा डावीकडे फिरवला की सुटतो. तो दर दोन-तीन वेळा भाजल्यावर रिकामा करावा, नाहीतर हवा कोंडते. हे काकूंनाही सांगावं.

आपला,
विश्वजीत

•

शनिवार पेठ
२७ नोव्हेंबर २०२५

चि. विश्वजीत,
आशीर्वाद.

काल चंपाषष्ठी झाली. वांगी अप्रतिम भाजली गेली. नैवेद्य झाला, तळी भरली, पाहुणे जेवले. संध्याकाळी हेमाने तुझ्या पत्राप्रमाणे राखेचा डबा सोडवला. राखेत कोंबडीचं हाड निघालं. एक नाही, तीन.

ती तेव्हापासून जेवलेली नाही. देवापुढे काय ठेवलं, हा एकच प्रश्न ती विचारते. शेगडी घरात नको म्हणते. उद्या टेंपोने तुझ्याकडे परत येईल.

हेमाचं म्हणणं, शेगडी आमच्याकडे येऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा हे तिकडचंच. तू असं करशील असं मला वाटत नाही. तू नसताना शेडची किल्ली आणखी कोणाकडे असते का, एवढं मात्र कळव.

गोपाळकृष्ण खासनीस

•

हडपसर
१ डिसेंबर २०२५

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. काकू जेवल्या का? कृपया कळवावं.

किल्ली भैरूकडे असते. मी जेजुरीला गेलो त्या रविवारी शेडमध्ये त्याची मित्रमंडळी जमली होती, हे मला माहीत होतं. चिकन आमच्या पिंपाच्या भट्टीवर भाजलं असं तो म्हणाला होता आणि मी ते मानलं होतं. आता परत विचारलं. तो म्हणाला, "किटलीला हात लावला नाय." मी म्हणालो, मग हाडं कुठून आली? तो म्हणाला, "मला काय इचारतो? ज्यांच्या घरात निघाली त्यांना इचार." काका, आपल्याबद्दल तो असं बोलला म्हणून माझा आवाज चढला. मग त्याने देवळीतला भंडारा उचलला आणि हातात धरून सांगितलं, मी नाही केलं.

आमच्यात भंडारा उचलून कोणी खोटं बोलत नाही. पण हाडं खरी होती आणि आपलं पत्र खरं होतं. मी त्याला म्हणालो, देवाला तरी सोड. त्याने भंडारा कपाळाला लावला, आपलं वेल्डिंगचं सामान गोळा केलं आणि गेला. मी अडवलं नाही.

काका, चूक माझ्या शेडची आहे. मी नवा हंडा घेतो, सगळे सुटे भाग नवीन करतो आणि दुसरी शेगडी आपल्याला करून देतो. ही मी कोणालाही विकणार नाही. काकूंची मी माफी मागतो. तोंड दाखवायची हिंमत नाही म्हणून लिहून मागतो.

विश्वजीत

•

शनिवार पेठ
६ डिसेंबर २०२५

चि. विश्वजीत,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हेमाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मुलगा प्रामाणिक आहे, संगत वाईट होती." गुरुजींना विचारून तिने घरात शांत केली आणि आता दोन घास खाते.

तू स्वतःला फार लावून घेऊ नकोस. तरुणपणी मित्र पारखण्यात चुका होतातच. झालं ते झालं, माझ्या मनात काही नाही. दुसरी शेगडी करून देतो म्हणतोस, ते तुझ्या स्वभावाला शोभतं. नाही म्हणून तुझं मन मोडत नाही. सावकाश कर.

काका

•

हडपसर
२० डिसेंबर २०२५

श्री. गोपाळकृष्ण खासनीस यांस,
नमस्कार.

काल आपल्या नातवाचा, अर्णवचा, मला फोन आला. नंबर जाळीच्या जुन्या बिलावर सापडला म्हणाला. त्याला आपली जुनी शेगडी हवी आहे. त्याचं बोलणं जसं झालं तसं लिहितो.

"दादा, आजीला ती आवडली नाही म्हणे. पडूनच असेल तर मला द्या ना, फ्लॅटवर नेतो. काय भारी मॉडिफाय केलीय तुम्ही! तिच्यावर तंगडी काय झाली होती माहितेय? आजोबांनीच दोन हाणल्या."

मी विचारलं, कधी?

"तुमची डिलिव्हरी झाली ना, त्याच वीकेंडला. आजी मावशीआजीकडे साताऱ्याला गेली होती. आजोबाच म्हणाले, अर्णव, ही नुसती वांग्यांवर वाया घालवायची का? जाळी आम्ही घासून चकाचक केली. आजीला सांगू नका हं, दादा."

जाळी घासली, पण डबा उघडायचा असतो हे आपल्या लक्षात राहिलं नाही. मी ते आपल्याला लिहिलं होतं. काकूंनी वाचलं.

मी आपल्यावर रागवायला लिहीत नाही. आपण काय खावं हा आपला प्रश्न आहे. पण २७ तारखेला आपण मला पत्र लिहायला बसलात, तेव्हा हाडं कोणाची हे आपल्याला ठाऊक होतं. किल्ली कोणाकडे असते, असं विचारलंत तेव्हाही. मी भैरूबद्दल लिहिलेलं पत्र आपण काकूंना वाचून दाखवलंत. मला माफ केलंत. कशाबद्दल केलंत?

माझी एकच विनंती आहे. काकूंना सांगा की भैरूने काही केलं नाही. आपण खाल्लं असं सांगू नका हवं तर, कसं सांगायचं ते आपण ठरवा. आणि दोन ओळी भैरूला लिहा. तो आता बिबवेवाडीत एका गेट-ग्रिलच्या दुकानात कामाला आहे. माझा फोन घेत नाही. आपण लिहिलेलं वाचेल.

विश्वजीत तुपे

•

शनिवार पेठ
२६ डिसेंबर २०२५

चि. विश्वजीत,
अनेक आशीर्वाद.

अर्णवला जीभ आवरत नाही. ती त्याच्या वडिलांकडून आली.

आता नीट ऐक. माझ्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. हेमा मला ओळखते असं तिला वाटतं, आणि ह्या वयात तिचा तो समज मोडला तर ती मोडेल. ज्या घरात खंडोबाचे टाक आहेत, त्या घराच्या शेगडीवर मी ते केलं, हे ती मला सोडणार नाही. बोलणार नाही, भांडणार नाही. नुसतं वाढेल आणि समोरून उठून जाईल. तुला हे समजायला अजून वेळ आहे.

आणि खरं सांगायचं तर मी भैरूचं नाव कुठेही घेतलेलं नाही. माझं पत्र काढून बघ. किल्ली कोणाकडे असते एवढंच विचारलं. नाव तू लिहिलंस.

शिवाय त्याचं असं काय गेलं? तुमच्याकडे खाणंपिणं चालतंच. त्याने खाल्लं असतं तरी त्याला कोणी दाराबाहेर उभं केलं नसतं. मला मात्र ह्याच घरात राहायचं आहे. तू समजूतदार आहेस. तो दुसरीकडे कामाला लागलाच आहे, तेव्हा हे इथेच मिटवावं.

माझ्या दोन मित्रांनी तुझ्या कामाचं वर्णन ऐकून तशाच शेगड्या मागितल्या आहेत. पत्ता दिला आहे. तुझी पत्रंही मी त्यांना दाखवली. म्हणाले, हल्ली अशी मुलं राहिली नाहीत.

तुझा,
काका

•

हडपसर
४ जानेवारी २०२६

भैरू,

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितो. दुकानात पोस्टमन आला तर घाबरू नकोस, मीच आहे.

हाडं तुझी नव्हती. म्हातारा आणि त्याचा नातू, बायको साताऱ्याला गेल्यावर गच्चीवर बसून खात होते. मला नातवानेच सांगितलं. म्हाताऱ्याला मी लिहिलं की तुला दोन ओळी लिही. त्याने मला चार पानं लिहिली, तुला काही नाही.

काल नवी शेगडी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. फेकून द्यावीशी वाटत होती, पण करून देतो असं लिहिलं होतं. काकूंनी दार उघडलं. मला बघून त्यांना आनंद झाला, भैरू. चहा टाकला. चिवडा दिला. म्हातारा आरामखुर्चीत पेपर धरून बसला होता. पेपर खाली आला नाही.

काकू म्हणाल्या, "त्या मुलाला काढलंत ते बरं केलंत हो. देवाच्या कामात असली माणसं नकोत."

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. पेपरचं पान उलटलं, तेवढंच.

मी म्हणालो, "काकू, भैरूने काही केलं नव्हतं. त्याने भंडारा उचलून सांगितलं होतं."

"मग ती हाडं?"

"आमच्या शेडमधली नव्हती."

"म्हणजे कुठली?"

पेपरमागून आवाज आला, "हेमा, त्याचा चहा निवतोय."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. भोळ्या नाहीत त्या. मी चपला घातल्या आणि म्हणालो, "काकांना विचारा." आणि जिना उतरलो. शेगडी तिथेच ठेवली.

पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मला एवढंच सांगायचं होतं की तुझ्यावरचा आळ मी काढून आलो. तू गेल्यावर शेडला लावलेलं दुसरं कुलूप मी काढून टाकलं आहे, जुनी किल्ली चालते. ती तुझ्याकडे आहेच. तू ये. मी चुकलो. ज्या माणसाला मी एकदाही भेटलो नव्हतो, त्याचं अक्षर वळणदार होतं म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

विश्वा

•

बिबवेवाडी
११ जानेवारी

विश्वा,

पत्र मिळालं. दुकानात सगळ्यांनी इचारलं, कोर्टाचं हाय का म्हणून.

म्हातारा मला वळखत नाय. त्यानं मला बघितलेलं पण नाय. त्याच्यावर माझा राग नाय, बायकोला भ्याला आन माझ्यावर ढकललं. तसली माणसं लई बघितली.

तू त्याच्या घरी जाऊन माझं नाव घेतलंस ते बरं केलंस. पण पुढं काय म्हणालास? काकांना इचारा. का रं? तुला ठावं व्हतं ना कुणी खाल्लं ते? त्याच्या बायकोपुढं त्याचं नाव घ्यायला तुझी जीभ उचलली नाय. लाज वाटली. माझं नाव त्या पत्रात लिवताना नाय वाटली.

किल्ली पाकिटात घातलीय. बघून घे.

भैरू